ताईच्या पायाचं पाटबंधारे खातं

माणसाच्या अंगात रक्ताखेरीज आणखी एक पाणी फिरत असतं, हे मला वयाच्या पंचविशीपर्यंत ठाऊक नव्हतं. ठाऊक नसण्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. आमच्या अख्ख्या मोहल्ल्यात ते कुणालाच ठाऊक नव्हतं. लाज याची की, ठाऊक नसताना मी त्याच्यावर तीन आठवडे व्याख्यानं दिली, आणि ती ऐकायला जिला बसवून ठेवलं होतं ती माझी सख्खी मोठी बहीण होती. पायही तिचाच होता.

मी तेव्हा पाटबंधाऱ्याच्या कचेरीत नवा कारकून होतो. कालवा मी जन्मात पाहिला नव्हता. कालव्याच्या दरवाजाला गंज चढल्याचं पत्र आलं की त्याच्यावर आवक क्रमांक घालायचा आणि ज्या माणसाला तो दरवाजा ठाऊक असेल त्याच्या टेबलावर ते सरकवायचं, एवढंच माझं काम. पण पाण्याचा विषय कुठंही निघाला की मी घसा साफ करायचो. गल्लीत कॉलेजची पायरी चढलेला मी एकटा, त्यामुळे मी घसा साफ केला की माणसं ऐकून घ्यायची. ताई तेवढी मान वर न करता म्हणायची, "बोल गा, बोल. मशीनच्या आवाजात काही ऐकू नाही येत, पण तू बोल."

जरीपटक्याच्या बाजारापासून पंधरा मिनिटं चाललं की आमच्या दोन खोल्या लागायच्या. वडील गिरणीत होते, ते जाऊन बरीच वर्षं झाली होती. घरात माय, ताई आणि मी. ताईची पायमशीन पुढच्या खोलीत खिडकीशी. बाजारातले सिंधी दुकानदार परकराचं कापड कापून पाठवायचे आणि ती परकर शिवून द्यायची. डझनावारी परकर. माझ्या कॉलेजच्या पँटीही तिनंच शिवल्या, आणि त्या इतक्या चांगल्या बसायच्या की लोक मला हुशार समजायचे.

ताईचं लग्न झालं होतं. लग्नानंतर दुसऱ्या वर्षी तिला हीव भरून ताप आला, जांघेत अवधाणाची गाठ आली आणि उजवा पाय सुजला. ताप गेला, सूज गेली. सहा महिन्यांनी पुन्हा तेच. असं तीन-चारदा झाल्यावर पाय आपला मूळचा आकार विसरला. घोट्याची हाडं दिसेनाशी झाली, पोटरी खालपासून वरपर्यंत एकसारखी. हत्तीपाय हा शब्द आमच्याकडे सर्रास ऐकू यायचा. नागपुरात असे पाय प्रत्येक मोहल्ल्यात दोन-चार असायचेच. सासरच्यांनी तिला आणून सोडलं आणि सांगितलं, पाय बारीक झाला की पाठवून द्या. हे त्यांनी चहा पिता पिता सांगितलं. ताई आतून म्हणाली होती, "मी तिथं नांदायले गेली होती का वजन करून द्यायले?" बशीतला चहा संपवून ते गेले.

या गोष्टीला सहा-सात वर्षं होऊन गेल्यावर एका दुकानदारानं ताईला खबर दिली की सीताबर्डीवरच्या एका महिला मंडळाला शिवणवर्गासाठी बाई पाहिजे. वर्ग पहिल्या माडीवर. निवडीची पद्धत अशी: सगळ्यांसमोर पायमशीनवर बसायचं आणि तीन तासांत कापण्यापासून काजं-बटणांपर्यंत लहान मुलीचा अख्खा फ्रॉक करून दाखवायचा. सहा आठवडे वेळ होता. ताईनं त्याच दिवशी अर्ज दिला आणि घरी येऊन मायला म्हणाली, "परकराले नाडी घालता घालता म्हातारी होऊन जाईन मी. तिथं मले बाई म्हणतीन. सही करून पगार घेईन. मंग सासरचं कोणी माप घ्यायले आलं तर येऊ दे."

तिला ती जागा किती हवी होती हे कळायला कॉलेज लागत नव्हतं. त्या आठवड्यात तिनं स्वतःहून चार फ्रॉक शिवले. पण दोन तास सलग मशीन चालवली की पाय जड व्हायचा आणि तिला उठावं लागायचं. तीन तास तिनं कधी एका दमात केले नव्हते. म्हणून पायाचं काहीतरी करायचं ठरलं, आणि घरात करणारा शहाणा मी होतो.

सुजलेला पाय दिसला की माणसाला सल्ला दिल्याशिवाय राहवत नाही. डोकं दुखलं तर ते दिसत नाही, म्हणून त्याला चारच औषधं असतात; पाय दिसतो, म्हणून त्याला चारशे. गल्लीतून येणारी-जाणारी प्रत्येक बाई थांबायची. एरंडाची पानं बांध वं. वांगं सोड वं. पाणीच कमी पी, अंगात पाणी आहे तर वरून कायले ओतते? हे शेवटचं मला पटलं होतं, हे कबूल करतो. ताईनं त्या बाईला विचारलं, "तुह्या डोक्यात हवा आहे तर तू श्वास घेणं सोडलं का?" त्यानंतर ती बाई आमच्या दारावरून जाईनाशी झाली. गल्लीला दुसरा रस्ता नव्हता, तरी.

मी दोन हुकूम काढले. पहिला, विश्रांती. कचेरीत मोडीत निघालेली हातांची एक खुर्ची मी सायकलला बांधून घरी आणली, दारात उन्हाला ठेवली आणि ताईला तिच्यात बसवलं. आमच्या घरातली ती पहिली खुर्ची. मशीनवर चादर टाकली. ताईनं नळावर जायचं नाही, बाजारात जायचं नाही, पाय हलवायचा नाही. पाणी मी भरायला लागलो. पंचवीस वर्षांत पहिल्यांदाच भरत होतो आणि प्रत्येक बादलीमागे कुणी काहीतरी म्हणावं अशी माझी अपेक्षा असायची. ताई दिवसभर खुर्चीत बसून राहायची, पाय खाली सोडून. येणारे-जाणारे म्हणायचे, महाराणी बसली. मला फार बरं वाटायचं.

दुसरा हुकूम, मालिश. गल्लीत एक मालिशवाली होती, सगळे तिला मावशी म्हणायचे. बाळंतिणी आणि तान्ही मुलं हा तिचा प्रांत. मोहल्ल्यातली निम्मी पोरं तिच्या पायांवर आंघोळ करून वाढलेली, मीही. हात असे की कणीक लाजेल. ती आली, पायाकडे पाहिलं, आणि म्हणाली, "खराब पाणी साचलं आहे. बोटांतून काढावं लागते." तिची पद्धत अशी होती: लसूण घालून कडकडीत केलेलं मोहरीचं तेल, मांडीपासून सुरुवात, अंगठ्यांनी जोर लावत लावत खाली पावलापर्यंत. शेवटी टाच खडेमिठाच्या परातीत ठेवायची आणि एकेक बोट कटकन मोडायचं. पाणी मिठात उतरतं. मग ते मीठ तिठ्यावर टाकून यायचं, मागं वळून न पाहता.

इथं मायनं हात वर केला. धम्मदीक्षेच्या दिवशी मी सात वर्षांचा होतो. गर्दीत हरवू नये म्हणून मायनं मला पदराला गाठ मारून धरलं होतं. त्या दिवसापासून आमच्या घरात गंडा, दोरा, लिंबू-मिरची, उतारा यांपैकी काही म्हणून शिरलं नव्हतं. माय शाळेत गेलेली नव्हती, पण यात तिची कधी गफलत झाली नाही. ती म्हणाली, "मावशी, तेल लावा. मीठ-गीठ आमच्यात नाही चालत."

मालिशवाली उठायला लागली. मिठाशिवाय तिच्या हाताला गुण नाही, असं तिचं म्हणणं.

तेव्हा मी घसा साफ केला.

"माय, हे तसलं नाही," मी म्हणालो. "मीठ पाणी ओढते. पावसाळ्यात बरणीतल्या मिठाले पाणी सुटते का नाही? ते हवेतून येते. मंग पायातून काहून नाही येणार? हे शास्त्र आहे."

माय माझ्याकडे बघत राहिली. तिला ते पटलं नव्हतं, पण मला शिकवण्यासाठी तिनं लोकांची भांडी घासली होती आणि शिकलेला मुलगा शास्त्र म्हणत होता. ती म्हणाली, "तिठ्यावर नाही जाणार मात्र." मी निकाल दिला, मीठ मोरीत टाकावं. आणि मावशींनी विचारलं नसताना पुढचंही सांगून टाकलं: मालिश वरून खाली करणं हेही बरोबरच, कारण पाणी नेहमी उताराकडे वाहतं, फक्त शेवटचा दरवाजा उघडा पाहिजे.

"पोरगा शिकलेला दिसते," मालिशवाली म्हणाली.

"मंग बोटाले एक भोक पाडा आन मोकळे व्हा," ताई म्हणाली.

मालिशवालीचा यात दोष धरायला मी आजही तयार नाही. तिनं एवढंच म्हटलं होतं की असं केल्यानं होतं. का होतं, ते मी सांगितलं. ज्या घराचं दार तिच्या मिठाला बंद होतं, ते मी माझ्या हातानं उघडलं, आणि वर शास्त्राची मोहर मारली.

रोज संध्याकाळी मालिश सुरू झाली. ताई दात आवळून बसायची. मी समोर बसून शास्त्र पाहायचो. इतकंच नाही, तर ताईचीच शिवणाची टेप घेऊन मी पाय मोजायला लागलो. घोट्यावर एक माप, पोटरीवर एक. कचेरीतल्या कोऱ्या फॉर्मच्या मागं तक्ता आखला. पहिलं माप घेतलं मालिश सुरू व्हायच्या आधी, संध्याकाळी. पुढची सगळी रोज सकाळी, कचेरीला जाण्यापूर्वी. सकाळचं माप पहिल्या मापापेक्षा कमी भरायचं, रोज. मी तक्ता दारात आल्या-गेल्याला दाखवायचो.

ताईनं एकदा विचारलं, "संध्याकाळी कधी घेशीन माप?"

"संध्याकाळी मी थकून येतो."

"पायही थकते गा संध्याकाळी. म्हणून म्हणते."

रात्रभर आडवं झोपल्यावर कुणाचाही पाय सकाळी उतरलेला असतो, हे पाहायला टेपसुद्धा लागत नाही. मला तक्ता लागला, आणि तक्त्यातूनही ते दिसलं नाही.

तिसऱ्या आठवड्यात ताईला हीव भरलं. पाय लालभडक, तापलेला, मांडीच्या आतून वर गेलेली लाल रेघ, जांघेत लिंबाएवढी गाठ. चादरीचं टोक लागलं तरी ती कळवळायची. मालिशवाली म्हणाली, "निघून राहिलं, निघून राहिलं, घाबरू नका." मी तेव्हाही तिच्याकडे आशेनं पाहिलं. मायनं पाहिलं नाही. तिनं परातीतलं मीठ उचललं, मोरीत टाकलं, परात घासली, आणि मला म्हणाली, "रिक्षा आण."

धंतोलीत तेव्हाही दर दोन घरांआड एक डॉक्टर होता. आम्ही ज्यांच्याकडे गेलो त्यांनी पायाला हातही लावला नाही. मांडीवर अंगठ्यांचे निळे वळ होते, त्यांकडे पाहिलं आणि विचारलं, "हे कुणी केलं?" मी छतावरच्या पंख्याकडे पाहत राहिलो. ताई तापातही बोललीच. "दोघांनी," ती म्हणाली. "एकीनं हातानं, एकानं तोंडानं."

डॉक्टरांनी औषध दिलं. ताप पूर्ण उतरेपर्यंत पायाला कुणी बोट लावायचं नाही, पाय उशीवर उंच ठेवायचा, आणि बरं वाटलं की मागच्या खोलीत व्यायाम शिकवणाऱ्या बाई आहेत त्यांना भेटायचं. ताईनं दिवस मोजले. परीक्षेला तीन आठवडेही उरले नव्हते. आठ दिवसांनी आम्ही पुन्हा गेलो तेव्हा दोन आठवडेही उरले नव्हते.

मागच्या खोलीतली बाई ताईच्याच वयाची असेल. बोलण्यात निम्मं हिंदी. तिनं मला एका स्टुलावर बसवलं आणि पुढं माझ्याकडे फारसं लक्ष दिलं नाही.

"दिवसभर काय करता?"

"खुर्चीवर बसते. पाय खाली सोडून."

"आणि पहले काय करत होत्या?"

"मशीन. परकर शिवतो आम्ही."

"मशीन चालवत होत्या तर सोडली कशाला?"

ताईनं माझ्याकडे बोट केलं. "हा पाटबंधाऱ्यात आहे," ती म्हणाली.

त्या बाईनं मग जे सांगितलं ते मी आयुष्यात पहिल्यांदाच ऐकत होतो. रक्ताला ढकलायला हृदय आहे. हे दुसरं पाणी, पुस्तकात त्याला लसिका म्हणतात, त्याला ढकलणारं स्वतःचं असं मोठं काही नाही. माणूस चालला, पोटरी आवळली-सुटली, की ते वर सरकतं. पोटापर्यंत खोल श्वास घेतला की वरच्या अंगाला ओढलं जातं. या पायातल्या वाटा आजारानं खराब झाल्या आहेत, म्हणून तिथं ते तुंबतं. "पाय लटकवून दिवसभर बसवलं तर ते कुठं जाणार, भाऊ?"

"खाली," मी म्हणालो. प्रश्नाचं उत्तर मला येत होतं.

"आणि तुम्ही वरून आणखी दाबत होता."

मालिश कशी करायची ते तिनं दाखवलं. सुरुवात खालून नाही. आधी वरची जागा मोकळी करायची, जांघेपाशी, मग मांडी, मग गुडघा, मग पोटरी, आणि हात प्रत्येक वेळी वरच्या दिशेनं. जोर किती, तर कातडी जागेवर थोडी सरकेल इतकाच. तेल नको. मला वाटलं, ही अजून सुरू करायची आहे. तिचं करून झालं होतं.

"एवढंच?" मी विचारलं.

"एवढंच. तुम्ही करून बघा."

मी केलं. ताई म्हणाली, "हा पाय पुसून राहिला का कुणाच्या खिशात हात घालून राहिला?" बाई हसली आणि माझा हात बाजूला केला. "तुमचा हात शिवणाचा आहे," ती ताईला म्हणाली, "तुम्हीच करा." ताईनं तळवा टेकवला आणि मखमलीची लव बसवतात तसा सावकाश वर नेला. पहिल्याच खेपेला. बाईला तिच्यात काहीच सुधारायला मिळालं नाही.

जाताना ताईनं विचारलं, "बारीक होईन का हा?"

"जुना आहे. पहिल्यासारखा नाही होणार," बाई म्हणाली. तिनं गोड करून सांगितलं नाही. "पण रोज धुवून कोरडा ठेवला, पट्टी बांधली, हलवत राहिल्या, तर वाढणार नाही. ताप कमी येईल."

"तीन तास मशीन चालवता येईन का?"

"मध्ये मध्ये उठाल तर येईल."

"मंग झालं. बारीक ज्याले पाहिजे त्यानं आपला करावा."

मशीनवरची चादर त्याच दिवशी निघाली. आमच्या घरात आता जे सुरू झालं त्यात मला काही काम नव्हतं. सकाळी अंथरुणातून उठायच्या आधी ताई बोटांपासून गुडघ्यापर्यंत ताणाची पट्टी बांधायची. ती पट्टी सीताबर्डीवरून आणणं एवढी माझी कामगिरी, आणि पहिल्यांदा मी आणलेली अरुंद निघाली. साबणानं पाय धुवायचा, बोटांच्या बेचक्या फडक्यानं टिपायच्या. मशीनचा पट्टा चाकावरून उतरवून नुसतंच पायडल मारायचं, टाच-बोटं, टाच-बोटं, कापडाची काळजी नाही. वीस मिनिटं झाली की उठायचं, दहा वेळा चवड्यांवर उभं राहायचं, थोडं चालायचं. मग पाय भिंतीला लावून पडायचं आणि पोट फुगेल असा श्वास.

श्वासाचं मी मायला समजावायला गेलो. ती म्हणाली, "बस खाली. विहारात मी इतकी वर्षं डोळे मिटून काय करते असं वाटते तुले?"

मला वाटायचं ती डुलक्या घेते. एकदा तसं मी बोललोही होतो.

"तिथं श्वास नुसता पाहायचा असते," माय म्हणाली, "इथं पोटातून ओढायचा आहे. पण दमानं घ्यायचा ते एकच." आणि ती ताईच्या शेजारी आडवी झाली. दोघी पोटावर हात ठेवून श्वास घेत पडायच्या. माय म्हणायची, "ताणू नको वं. त्याले येऊ दे." मी दारातून पाहायचो. माझ्या घशाला त्या दिवसांत अगदी आराम होता.

मालिशवाली एकदा डोकावून गेली. ताईचा हात पायावरून फिरताना पाहून तिनं ओठ मुरडले. "मांजर कुरवाळून राहिली का वं? यानं काय होते?"

"काही नाही होत, मावशी," ताई म्हणाली. "पाहा ना, तापही नाही होत."

आता मी जे केलं ते सांगतो. परीक्षेला चार दिवस होते. पाय संध्याकाळीही पूर्वीइतका फुगत नव्हता, ताई अडीच तासांपर्यंत पोचली होती, आणि घरात सगळं माझ्याशिवाय चाललं होतं. ते मला सोसवेना. कचेरीतून परस्पर मी सीताबर्डीवर गेलो, मंडळाच्या चिटणीसबाईंना भेटलो, आणि विनंती केली की माझ्या बहिणीला परीक्षेत सवलत मिळावी, पायमशीनऐवजी हातमशीन द्यावी. त्यांनी विचारलं, का? मी पायाचं सगळं वर्णन केलं. अगदी सविस्तर. खिशात तक्ता होता, तोही दाखवला.

त्या गंभीर झाल्या. "आम्हाला कल्पना नव्हती," म्हणाल्या. "बरं झालं सांगितलंत."

ती मला सहानुभूती वाटली. मी परत येताना शेंगदाणे घेतले आणि खात खात घरी आलो.

परीक्षेच्या दिवशी ताई बसमधून उतरून चालत गेली, माडी चढली, आणि तिला मशीनवर बसू देण्याआधी चिटणीसबाईंनी बाजूला बोलावलं. मी दारात उभा होतो, मला सगळं ऐकू येत होतं. "तुमच्या भावानं आम्हाला सांगितलं," त्या म्हणाल्या. आवाज प्रेमळ होता. "आमचा सगळा वर्ग पायमशीनचा आहे. बाईला दिवसभर मशीनवर, जिन्यावर वरखाली. तुम्हाला उगाच त्रास. आम्हाला वाटतं, आज बसूच नका."

ताईनं वळून माझ्याकडे पाहिलं. तिच्या नजरेत राग नव्हता. राग माणूस बरोबरीच्यावर करतो.

ती चिटणीसबाईंकडे वळली. "बाई, पाय माहा आहे. त्याच्याबद्दल काही इचारायचं असलं तर मले इचारा. मी इथंच उभी आहे."

"तसं नाही हो—"

"तुमचे तीन तास घ्या. फ्रॉक पाहा. मंग मी हा जिना उतरून खाली जाईन आन परत वर येईन. तेव्हा नाही म्हणा, मी घरी जाईन. तोवर नका म्हणू."

त्यांनी परीक्षक म्हणून आलेल्या दुसऱ्या एका बाईंकडे पाहिलं. त्या बाईंनी खांदे उडवले. ताईला मशीन मिळाली. पायमशीन.

मला बाहेरच्या बाकावर बसायला सांगितलं. दार उघडं होतं. ताईनं कापड पसरलं, खडूनं आखलं, कापलं, आणि बसली. दुसरी एक उमेदवार होती, तरुण, तिची मशीन एकदाही न थांबता धडधडत होती. ताईची अर्ध्या तासानं थांबली. ताई उठली, खिडकीपर्यंत गेली, चवड्यांवर उभी राहिली, खाली आली, पुन्हा उभी राहिली, दहा वेळा. दोन-तीन श्वास सावकाश घेतले आणि परत बसली. पुन्हा अर्ध्या तासानं तेच. मी मनातल्या मनात तिला म्हणत होतो, उठू नको, वेळ जातो. देवाची कृपा म्हणावी तर आमच्यात देव नाही. पण मी ते मोठ्यानं म्हटलं नाही, हे खरं.

तिसऱ्यांदा उठली तेव्हा चिटणीसबाईंनी विचारलं, "दुखतोय का? मध्येच का उठता?"

"दुखू नये म्हणून उठते," ताई खिडकीशी चवड्यांवर असतानाच म्हणाली. "तुमच्या वर्गात पोरी चार-चार तास बसत असतीन. त्याहीचे पाय सुजत नाही का संध्याकाळी?"

मी पाहिलं, चिटणीसबाईंनी खुर्चीखाली आपली पावलं चपलांतून हळूच बाहेर काढली आणि बोटं हलवून पाहिली.

वेळ संपायला दहा मिनिटं असताना ताईनं शेवटचं बटण लावून दोरा तोडला. गळा, बाह्या, काजं, सगळं उलटून पाहिलं गेलं. त्या परीक्षक बाईंनी घेर ओढून पाहिला, शिवण उसवते का म्हणून. उसवली नाही. मग ताई उठली, पदर खोचला आणि जिना उतरायला लागली. मी मागोमाग निघालो.

"तू कायले?" ती म्हणाली. "तुह्या पायाची परीक्षा नाही."

मी वरच राहिलो. ती खाली उतरली, रस्त्यावर गेली, आणि वर आली. एका दमात नाही. मध्यावर थांबली, कठड्याला हात लावला, श्वास घेतला आणि उरलेल्या पायऱ्या चढली. चिटणीसबाई जिन्याच्या तोंडाशी उभ्या होत्या. त्यांनी थांबलेलं पाहिलं होतं.

"थांबलात," त्या म्हणाल्या.

"थांबली," ताई म्हणाली. "मंग आली."

आम्हाला पुन्हा तासभर बसवलं. ताईनं तो तास बाकावर पाय लांब करून काढला आणि माझ्याशी एक शब्द बोलली नाही. शेवटी चिटणीसबाई बाहेर आल्या. सोमवारपासून या, तीन महिने पाहू, असं म्हणाल्या. "पाहा," ताई म्हणाली, आणि चपला घातल्या.

आम्ही घरी पोचलो. दारात मायनं विचारलं, काय झालं. ताईनं सांगितलं, जागा मिळाली. मग माझ्याकडे पाहून मायला म्हणाली, "यानं पायाचा तक्ता दाखवला त्या बाईले. तरी मिळाली." मायनं माझ्याकडे पाहिलंही नाही. ताटं वाढली. माझ्या ताटात भाजी नेहमीइतकीच होती, तेच जास्त लागलं.

सोमवारी कचेरीला जायच्या आधी मी सायकलनं सीताबर्डीवर गेलो आणि त्या जिन्याखाली उभा राहिलो. ताई येताना दिसली. सकाळची ताजी पट्टी साडीखालून जराशी दिसत होती, पाऊल जड पण सारखं पडत होतं. ती माझ्याजवळून गेली आणि वर चढली. वरून खुर्च्या सरकल्याचे आवाज आले, मग एकामागोमाग एक मशीन सुरू झाल्या, आणि थोड्या वेळानं सगळ्या एकदम थांबल्या. मी कान दिला. वरून बऱ्याच बायकांच्या चपला जमिनीवर एकत्र वाजत होत्या, दहा वेळा.

जिना झाडणारी बाई खाली आली. "कोण पाहिजे?" तिनं विचारलं.

"शिवणाच्या बाईंचा भाऊ आहे मी."

"हो का," ती म्हणाली. "त्या सांगून गेल्या, खाली कोणी उभा दिसला तर कचेरीत जा म्हणा त्याले."

मी कचेरीत गेलो.